वीस वर्षांनी नवे होणारे देऊळ

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीभैरवनाथाच्या शिखरावर आज सकाळी कळस चढला. साऱ्या गावाने तीन वर्षे खपून हा दिवस आणला आहे. अशा दिवशी जपानातल्या देवळाची कथा कशाला, असे काहींच्या मनात येईल. गुरवकाकांनी काल पारावर मला तसे विचारलेही. मी त्यांना म्हणालो, "काका, ज्या देवळाविषयी मी बोलणार आहे तिथे तेराशे वर्षे जीर्णोद्धारच चालला आहे. एक पुरा झाला की बारा वर्षांनी पुढच्याची तयारी सुरू होते." त्यावर काका म्हणाले, "मग तिथल्या वर्गणीवाल्यांचे काय हाल होत असतील रे!" (हशा) आपल्या वर्गणी समितीची मंडळी समोरच बसली आहेत. त्यांना या प्रश्नाचे मोल ठाऊक आहे.

सन २०१३ मध्ये कारखान्याच्या कामासाठी मला चार महिने जपानात नागोया शहरी राहावे लागले. तिथून रेल्वेने साधारण दीड तासावर, मिए प्रांतात, समुद्राजवळ इसे नावाचे गाव आहे. आपल्याकडे पंढरपूर म्हटले की जे मनात येते, ते जपानी माणसाच्या मनात इसे म्हटले की येते. माझ्याबरोबर काम करणारे एक वडीलधारे गृहस्थ मूळचे त्याच गावचे. मी मनातल्या मनात त्यांना 'इसेकर' म्हणत असे, आणि आजही तसेच म्हणतो. एका रविवारी, नोव्हेंबर महिन्यात, ते मला आपल्या गावी घेऊन गेले.

तिथे एकच देऊळ आहे असे नाही. मोठी दोन, आणि त्यांच्या परिवारातली लहानमोठी धरून सव्वाशे. मोठ्या दोहोंपैकी एकाला बाहेरचे देवस्थान म्हणतात आणि दुसऱ्याला आतले. आतल्या देवस्थानात अमातेरासु ही सूर्यदेवता, जपानच्या राजघराण्याची कुलदेवता. बाहेरच्यात तोयोउके, म्हणजे अन्नधान्याची देवता, आपण अन्नपूर्णा म्हणू. दोन्हींमध्ये तासाभराची चाल आहे. रिवाज असा की आधी बाहेरच्या देवीला जायचे, मग आतल्या. मला तो रिवाज फार आवडला. आधी अन्नाला नमस्कार, मग सूर्याला.

या अन्नपूर्णेच्या आवारात रोज दोन वेळा, सकाळी आणि दुपार कलल्यावर, देवांना नैवेद्य जातो. पंधराशे वर्षे यात खंड नाही असे देवस्थान सांगते. नैवेद्यात भात, मासे, समुद्रातले शेवाळ, भाजी, फळे, मीठ, पाणी आणि तांदळाचे मद्य. यातला भात देवाच्या शेतातला. पाणी देवाच्या आडाचे. मीठसुद्धा बाजारचे नाही. समुद्रकाठच्या फुतामी गावी देवस्थानचे स्वतःचे मिठागर आहे. तिथे पाणी उन्हाळ्यात आटवून, नंतर उकळवून, शेवटी तीन कोनी मातीच्या भांड्यात भरून मीठ भाजून घट्ट करतात. नैवेद्याची मातीची ताटली एकदाच वापरायची. आणि विस्तव काडेपेटीचा नाही. लाकडावर लाकूड घुसळून अग्नी पाडतात. आपल्याकडे यज्ञात अरणीचे मंथन करून अग्नी काढतात हे मी इसेकरांना सांगितले, तेव्हा त्यांनी रस्त्यातच थांबून मला तो शब्द तीन वेळा म्हणायला लावला.

आता आतल्या देवस्थानाकडे येतो. इसुझु नावाची नदी आहे, आपल्या ओढ्यापेक्षा थोडी रुंद, पाणी काचेसारखे. तिच्यावर शंभर मीटर लांबीचा लाकडी पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना दोन खांब आणि वर दोन आडवी लाकडे अशी साधी कमान असते, तिला 'तोरिई' म्हणतात. आपल्या 'तोरण' शब्दाशी तिचे नाते जोडणारे लोक आहेत. त्या वादात मी पडत नाही. पूल ओलांडला की पुढे खडीचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना एवढी मोठी झाडे की चौघांनी हात धरून कवेत घ्यावीत. हजारो माणसे चालली होती, पण ऐकू येत होता तो पायांखालच्या खडीचा आवाज. नदीच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत. तिथे उतरून हात धुवायचे, चूळ भरायची. आपण देवळाबाहेर पाय धुतो तसेच.

शेवटी दगडी पायऱ्या चढून गेलो की एक लाकडी कुंपण, त्याला दरवाजा, आणि दरवाजात पांढरा पडदा. बस्स. इथवरच. दोनदा वाकून नमस्कार, दोनदा टाळी, पुन्हा एक नमस्कार, आणि बाजूला व्हायचे. कुंपणे चार आहेत, एकात एक. अगदी आत ठरावीक पुजाऱ्यांना व राजघराण्यातल्या माणसांनाच जाता येते. फोटोसुद्धा पायऱ्यांच्या खालूनच घ्यायचा. वाऱ्याने पडदा हलला तर आतले थोडे दिसते. त्या दिवशी वारा नव्हता.

मी गावी आल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "मूर्ती कशी होती रे?" मी म्हणालो, "मूर्ती नाही. एक आरसा आहे, तोही कोणी पाहिलेला नाही." ती म्हणाली, "मग एवढ्या लांब जाऊन पाहिलेस काय?" तेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

आरशाची कथा थोडक्यात सांगतो. भावाच्या दांडगाईला कंटाळून सूर्यदेवी रुसली आणि एका गुहेत जाऊन दडून बसली. जग अंधारात गेले. मग सगळे देव गुहेपुढे जमले, कोंबडे आरवायला लावले, एक देवी नाचू लागली आणि देव मोठ्याने हसू लागले. मी नसताना हे हसतात कशाला, म्हणून तिने शिळा थोडी सरकवून पाहिले, तर समोर आरसा धरलेला. स्वतःचेच तेज पाहून ती पुढे झाली, आणि उजाडले. तो आरसा आज इसे येथे आहे अशी श्रद्धा आहे.

पण मी जे पाहिले ते कुंपणावरून डोकावणारे छप्पर. खरे म्हणजे दोन छपरे. तेराशे वर्षांचे देऊळ म्हटले म्हणजे काळेभोर झालेले लाकूड, झिजलेल्या पायऱ्या, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. इथे शेजारी-शेजारी दोन सारख्याच जागा आहेत. एकीवर देऊळ नवे कोरे, लाकूड लोण्याच्या रंगाचे, छपराचे गवत सोनेरी. दुसरीवर अगदी तसेच देऊळ, पण राखाडी पडलेले, गवतावर शेवाळ धरलेले, कुठे कुठे खचलेले. इसेकर म्हणाले, "हे नवे गेल्या महिन्यातले आणि ते जुने वीस वर्षांपूर्वीचे. माप एक, खांब तितकेच, सांधे तसेच. काही महिन्यांत जुने उतरवतील आणि त्या जागेवर पांढरे गोटे पसरून ती मोकळी ठेवतील. वीस वर्षांनी पुन्हा तिथे बांधतील."

दर वीस वर्षांनी हे होते. देव एका जागेवरून शेजारच्या जागेवर जातात आणि मागचे देऊळ उतरवले जाते. पहिल्यांदा हे झाले इसवी सन ६९० मध्ये, जितो नावाच्या सम्राज्ञीच्या काळात. २०१३ चे बासष्टावे. त्रेसष्टावे २०३३ साली आहे आणि त्याचे विधी २०२५ सालीच सुरू झाले.

देऊळ म्हणजे तरी केवढे? लांबीला तीन खण आणि रुंदीला दोन. आपल्या नव्या सभामंडपात ते सहज मावेल. जमिनीपासून उंच उचललेले, वर गवताचे जाड छप्पर, आढ्याच्या दोन्ही टोकांना कात्रीसारखी आभाळात गेलेली लाकडे आणि आढ्यावर आडवे ठेवलेले दहा ओंडके. पूर्वीच्या काळी धान्याची कोठारे अशी असत, त्यांवरून हे रूप आले असे जाणकार सांगतात. रंग नाही, नक्षी जवळजवळ नाही. आणि मुख्य गोष्ट, खांब जोत्यावर बसवलेले नाहीत. ते सरळ मातीत पुरलेले आहेत. आपल्या सुतारदादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग कुजणारच की!" बरोबर आहे, कुजतातच. जपानात दगडाचे जोते ठाऊक नव्हते असे नाही. त्याच काळात तिथे दगडी पायावर, कौलारू छपराचे भव्य बौद्ध विहार उभे राहत होते, आणि नारा शहराजवळच्या होर्युजी विहारातल्या तेव्हाच्या लाकडी इमारती अजून उभ्या आहेत. म्हणजे हजार वर्षे टिकणारे कसे बांधायचे हे त्यांना पक्के माहीत होते. इसेला मात्र त्यांनी कुजणारे बांधले आणि पुन्हा पुन्हा बांधायचे ठरवले.

वीसच वर्षे का? इसवी सन ९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या राजनियमांच्या ग्रंथात वीस वर्षांचा नियम लिहिला आहे, कारण लिहिलेले नाही. म्हणून विद्वान आपापली कारणे देतात. कोणी म्हणतो गवताचे छप्पर तेवढेच टिकते. कोणी म्हणतो वाळवून ठेवलेला भात कोठारात वीस वर्षांपर्यंत ठेवत, त्यावरून हा हिशेब आला. मला पटले ते इसेकरांनी सांगितलेले कारण. सुताराचा मुलगा विशीत पहिल्यांदा कामाला लागतो, तो हाताखालचा. चाळिशीत दुसरे काम येते तेव्हा तो मुख्य कारागीर. साठीत तिसरे, तेव्हा तो बाजूला बसून सांगतो, चुकलेले दाखवतो. त्याने हात टेकण्याआधी पुढचे दोन तयार झालेले असतात. शंभर वर्षे टिकणारे देऊळ बांधले तर शंभराव्या वर्षी सांधा कसा बसवायचा हे विचारायचे कोणाला? जपानी माणसाने कागदावर माप नक्कीच ठेवले आहे. पण वाकस किती तिरपी धरायची हे कागदावर येत नाही.

याचा पडताळा त्यांनी एकदा घेतलेला आहे, आणि तो फार कडू आहे. पंधराव्या शतकात जपानात सरदारांची आपसात यादवी माजली. राजाची तिजोरी रिकामी झाली आणि देवळाचे काम थांबले. एक पाळी चुकली, दुसरी चुकली, असे करता करता सव्वाशे वर्षांच्या आसपास नवे देऊळ झाले नाही. पहिले पाहिलेले आणि केलेले हात सगळे गेले. नंतर काम पुन्हा सुरू झाले तेव्हा मांडणीत आणि बारीकसारीक गोष्टींत फरक पडला, असे अभ्यासक मानतात.

आणि सुरू कोणी केले? राजाने नाही, सरदारानेही नाही. सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीने. गंमत पहा, त्या देवस्थानात भिक्षू-भिक्षुणींना देवापर्यंत जाऊ देत नसत. अशा बाईने गावोगाव हिंडून झोळी पसरली, आणि १५६३ साली बाहेरच्या देवीचे देऊळ पुन्हा उभे राहिले. आतल्या देवीचे झाले १५८५ साली. तोवर ओदा नोबुनागा आणि मग तोयोतोमी हिदेयोशी या मोठ्या सत्ताधाऱ्यांनी हात सैल केले होते. पण पहिली झोळी बाईची. आपल्या महिला मंडळाने दारोदार फिरून पहिली वर्गणी जमवली, तेव्हा मला त्या भिक्षुणीची आठवण झाली होती. (टाळ्या)

दुसरा धक्का आपल्या काळातला. १९४५ साली जपान युद्धात हरले. देवस्थानांचा आणि सरकारचा संबंध तोडण्यात आला. पुढचे देऊळ १९४९ साली व्हायचे होते. शहरे जळालेली, लोकांना दोन वेळचे खायला नाही, सरकारी पैसा बंद. काम पुढे ढकलावे लागले. तरी १९४९ साली लोकांनी निदान नदीवरचा पूल नवा करून घेतला, आणि १९५३ साली, चार वर्षे उशिरा का होईना, लोकवर्गणीतून देऊळ झाले. त्यानंतर १९७३, १९९३, २०१३ अशी पाळी चुकलेली नाही. २०१३ च्या कामाला पाच हजार कोटी येनांहून अधिक खर्च आला. हा पैसा सरकारचा नाही, देवस्थानाचा आणि लोकांचा.

देणगीदारांनी रागावू नये, पण एक गोष्ट सांगायला हवी. क्योतो शहरात फुशिमी इनारी नावाचे देवस्थान आहे. तिथे डोंगरभर हजारो लाल कमानी आहेत आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूला देणाऱ्याचे नाव आणि तारीख. म्हणजे नाव कोरण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असे नाही. इसेला मात्र मुख्य देवळापुढे दानपेटीसुद्धा दिसली नाही, जमिनीवर पांढरे कापड अंथरलेले होते. पूर्वी तर सामान्य माणसाने तिथे स्वतःसाठी काही अर्पण करायलाच मनाई होती.

तरीही सामान्य माणसे येतच. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी जपानातल्या गावोगावी इसेच्या मंडळ्या असत. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने इसेला जाऊन प्रसाद आणायचा. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी. ही आपली भिशीच म्हणा, फक्त मिळायची ती वारी. काही साली तर लोंढेच निघत. १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांवर माणसे इसेला गेली. मालकाला न विचारता नोकर निघे, आईबापांना न सांगता पोर निघे. हातात एक लाकडी पळी असली की वाटेत कोणी तांदूळ घाली, कोणी पैसा. आजारी माणसाने आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैशांची पिशवी अडकवून त्याला पाठवल्याच्या गोष्टीही आहेत, आणि त्या काळच्या चित्रांत तो कुत्रा दिसतो. आषाढीची वाट ज्यांनी चालली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कुत्र्याचे तेवढे वाटेल.

आता लाकडाविषयी, कारण तो आपल्याकडे सगळ्यात जास्त वादाचा विषय झाला होता. इसेला हिनोकी नावाच्या झाडाचे लाकूड लागते. देवदाराच्या जातीचे समजा, वासही तसाच. एका खेपेला सुमारे दहा हजार झाडे. मोठ्या खांबांना तीन-चारशे वर्षांची झाडे लागतात. पूर्वी जवळचे डोंगर पुरत, ते तुटले, मग दूर किसोच्या खोऱ्यातून ओंडके आणावे लागू लागले. तेव्हा १९२३ साली देवस्थानाने ठरवले की आपल्याच डोंगरांवर हिनोकी लावायची. योजना किती वर्षांची? दोनशे. लावणाऱ्यांपैकी एकालाही त्या झाडाचा खांब दिसायचा नव्हता. २०१३ च्या देवळात त्या स्वतःच्या रानातले लाकूड थोडे, साधारण पाचवा हिस्सा किंवा जरा अधिक, वापरता आले. स्वतःच्या रानातले लाकूड देवळाला लागल्याला तोवर सातेकशे वर्षे झाली होती.

पहिली झाडे तोडतात तेव्हा करवत लावत नाहीत. तीन बाजूंनी कुऱ्हाडीने खोड पोखरतात, शेवटी तीन दोऱ्यांएवढे लाकूड राहते, मग ते तोडले की झाड हवे तिकडेच पडते. पडल्यावर त्याचा शेंडा तोडून बुंध्यात खोचतात. हा झाडाला नमस्कार. आपल्याकडेही झाड तोडण्याआधी हळदकुंकू वाहून नारळ ठेवणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

ओंडके इसेत आले की गावकऱ्यांचे काम. आळीआळीची मंडळे असतात. ओंडका गाड्यावर चढवून किंवा नदीतून, शेकडो माणसे दोर धरून गाणी म्हणत ओढत नेतात. देऊळ उभे राहिले की नदीतले पांढरे गोटे वेचून, धुऊन, पांढऱ्या फडक्यात बांधून एकेकाने नेऊन आतल्या अंगणात ठेवायचे. देव नव्या घरात येण्याआधीचे ते काही दिवस. तेवढ्यात मात्र गावकऱ्याला सगळी कुंपणे ओलांडून अगदी देवळापाशी जाता येते. इसेकर १९९३ साली धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन गेले होते. २०१३ च्या उन्हाळ्यात त्या मुलीने आपल्या मुलाला नेले. ते म्हणाले, "तिला पहिल्या वेळचे काही आठवत नाही. पण लाकडाचा वास तिने ओळखला."

देव जातात ते रात्री. २ ऑक्टोबर २०१३ ला आतल्या देवीचे स्थलांतर झाले. सगळे दिवे मालवले. एका पुजाऱ्याने कोंबड्यासारखी तीनदा बांग दिली, ती त्या गुहेच्या कथेतलीच. मग पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशाने, ज्यात काय आहे ते कोणी पाहत नाही असा आरसा, जुन्या घरातून नव्या घरात गेला. आपल्याकडे पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीही काही वर्षांनी नव्या कडुनिंबाच्या लाकडातून घडवतात आणि आतले तत्त्व रात्री डोळे बांधून नव्या मूर्तीत ठेवतात. ते १९९६ साली आणि नंतर २०१५ साली झाले. म्हणजे ही कल्पना आपल्यालाही परकी नाही.

देवळाबरोबर देवाचे सामानही नवे. वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे, पेट्या, विणकामाची साधने, असे ७१४ प्रकार, एकूण १५७६ नग. प्रत्येक नग जुन्या पद्धतीने, हाताने. रंगवणारे, विणणारे, लाख चढवणारे, लोहार, यांच्यातल्या कित्येकांना एरवी त्या कामाचे गिऱ्हाईक राहिलेले नाही. एका तलवारीच्या मुठीला तोकी नावाच्या पक्ष्याची पिसे लागतात. हा पक्षी जपानच्या रानातून नाहीसा झाला होता. मग चीनमधून जोडी आणून त्याची पैदास करून तो पुन्हा सोडावा लागला. तलवारीसाठी पक्षी वाढवला असे मी म्हणत नाही. पण दोन पिसे मिळवायची तर आधी पक्षी हवा, हे दर वीस वर्षांनी कोणाला तरी आठवते.

आणि जुने देऊळ? हा प्रश्न मी इसेकरांना मुद्दाम विचारला. त्यातली काडीही टाकून देत नाहीत. आढ्याला आधार देणारे दोन्ही मोठ्या देवळांचे खांब तासून, नदीवरच्या पुलाच्या दोन टोकांच्या तोरिई त्यांच्या करतात. आपण ज्या कमानीखालून देवळात शिरतो ती मागच्या वेळच्या देवळाचाच खांब असते. तिथे वीस वर्षे झाली की ते खांब पुन्हा उतरवून कुवाना आणि सेकी या जुन्या वाटांवरच्या ठिकाणी कमानी म्हणून उभे करतात. म्हणजे एक खांब साठ वर्षे उभा. बाकीचे लाकूड देशभरच्या देवळांना देतात. १९९५ साली कोबे शहरात भूकंप झाला, तिथल्या इकुता देवळाची तोरिई पडली. तिथे इसेचे खांब गेले. २०११ च्या समुद्राच्या लाटेत ज्या गावांची देवळे वाहून गेली, त्यांनाही २०१३ नंतर इसेचे लाकूड मिळाले.

मंडळी, आता मी आपल्या गावात येतो, आणि थोडे स्पष्ट बोलतो.

आपण सभामंडप सिमेंट-काँक्रीटचा केला. पाऊस आपल्याकडचा, वाळवी आपल्याकडची, सागाचा भाव सगळ्यांना ठाऊक. शिवाय लाकडी मंडप पुन्हा करायचा म्हटले तरी कोरीव खांबाचा सांधा बसवणारा माणूस पंचक्रोशीत एकच उरला होता, आपले सुतारदादा. समितीने केले त्याला माझे नाव ठेवणे नाही. इसेसारखे दर वीस वर्षांनी देऊळ उतरवा असेही मी सांगत नाही. वर्गणी समिती मला वेशीबाहेर काढील. (हशा)

पण जुन्या मंडपाचे सोळा सागवानी खांब शाळेमागच्या पडवीत रचून ठेवले आहेत. आपल्या पणजोबांनी ते रानातून बैलांनी ओढून आणलेले. शहरातल्या एका व्यापाऱ्याने त्यांना चांगली रक्कम देऊ केली आहे. तो ते हॉटेलांना आणि बंगल्यांना विकील. उद्याच्या बैठकीत लिलावाचा विषय आहे, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यायचा आहे हेही खरे. रक्कम लहान नाही, देणे तर नाहीच नाही.

परवा मी आणि सुतारदादा ते खांब पाहून आलो. दादांनी प्रत्येकाला पटाशीच्या मुठीने ठोकून पाहिले. पाच आतून पोकळ निघाले. अकरा धड आहेत. दादांचे म्हणणे असे की, या अकरांत देवळाच्या उत्तरेला पालखीघर होते. पालखी सध्या ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलाशेजारी ठेवलेली असते हे आपण पाहतोच. काम दादा स्वतः करतील, मजुरी घेणार नाहीत. अट एकच आहे. गावातली तीन पोरे रोज हाताखाली हवीत, आणि ती सुतारआळीतलीच पाहिजेत असे नाही. दादांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, त्यामुळे काम या उन्हाळ्यातच सुरू व्हावे असे त्यांना वाटते. दोन पोरे तयार आहेत, त्यांतला एक माझा पुतण्या. तिसरा अजून मिळालेला नाही.

लिलाव न झाल्यास हप्त्यात जी तूट येईल तिचा चौथा हिस्सा मी विश्वस्तांकडे आजच जमा करतो. उरलेल्या तीन हिश्श्यांचे मुंबईकर आणि पुणेकर मंडळींनी रात्री बसून पाहावे. पालखीघराला खांब दहाच लागतात. अकरावा कशाला, असे मी दादांना विचारले. ते म्हणाले, "पोरे शिकणार म्हणजे एखादा बिघडवणारच."

महाप्रसादाच्या पंगती खोळंबल्या आहेत.